गणिताच्या वहीशेजारी बसताना

बदलापूर, अंबरनाथच्या आसपासच्या गावांत आणि उल्हासनगरच्या वस्त्यांत गटाच्या बैठका होतात. तिथे आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो: मुलांचा गणिताचा गृहपाठ घरात कोण बघतं? बायका एकमेकींकडे बघतात आणि उत्तर ठरलेलं असतं. "आम्हाला काय त्यातलं कळतंय? क्लास लावलाय."

क्लास लावा, आमची काही ना नाही. पण २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसायचं. मुलगा मागे राहिला तर घरात ओरडा होतो. मुलगी मागे राहिली की बोलणं वेगळंच निघतं: "राहू दे आता शाळा, घरातलं बघ." म्हणून पाचवी यायच्या आधीच वहीकडे लक्ष हवं. त्यासाठी आईला गणित सोडवता आलंच पाहिजे असं मुळीच नाही.

पहिली गोष्ट, उत्तर चुकलं तर ते चुकलं कसं ते बघा. मुलं उगाच काहीही लिहीत नाहीत, त्यांचंही काही एक डोकं चाललेलं असतं. ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं आणि मुलाने ३५ लिहिलं, तर बघा त्याने काय केलं: दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले. मोठ्यातून छोटं वजा करायचं एवढंच त्याच्या डोक्यात बसलंय. "हातचा घे, हातचा घे" म्हणून कितीही ओरडलात तरी उपयोग नाही, कारण हा हातचा येतो कुठून हेच त्याला ठाऊक नाही.

अशा वेळी पैसे काढा. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्यासमोर ठेवा. म्हणा, "मी दुकानदार, मला सत्तावीस रुपये दे." दोन नोटा तो देईल, पण सात नाणी कुठून देणार? त्याच्याकडे दोनच आहेत. मग तोच म्हणेल, "दहाची नोट मोडून दे." इथेच हातचा सुटला! आता त्याच्याकडे चार नोटा आणि बारा नाणी झाली. बारातून सात गेले, पाच उरले. चार नोटांतून दोन गेल्या, दोन उरल्या. पंचवीस. नाणी नसतील तर काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा, तेही चालतं. वहीत वरच्या पाचावर काट मारून चार का लिहितात, ते त्याला आता दिसतं.

शेवटी ताळा करायला लावा. वजाबाकीचा ताळा बेरजेने होतो. ३५ आणि २७ किती? ६२. पण आपल्याकडे तर ५२ च होते. म्हणजे कुठेतरी गडबड आहे. हे आपण सांगायची गरज पडत नाही, मुलालाच कळतं. भागाकाराचा ताळा गुणाकाराने करायचा. ४१२ भागिले ४ चं उत्तर पुष्कळ मुलं १३ लिहितात, मधलं शून्य खातात. तेरा चोक बावन्न. मग चारशे बारा कुठे गेले? खरं उत्तर १०३.

लहान मुलांचा घोटाळा आकड्यांच्या नावांतही असतो. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, चाळीस मागून. लिहायचं मात्र चार आधी. म्हणून मूल ७४ लिहितं. एकोणतीस म्हटलं की कानावर तीस पडतं, म्हणून ३९ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असंही वाचायला दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, म्हणून सोपी वाट द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला ते पटतं. सत्तेचाळीस हा शब्द जाऊ नये, पण मूल अडलं तर "चाळीस आणि सात" म्हणायला काय हरकत आहे?

शाब्दिक उदाहरणांत मुलं शब्दाला फसतात. 'मीनाकडे ३५ बोरं आहेत, ती राजूपेक्षा ८ जास्त आहेत, तर राजूकडे किती?' 'जास्त' दिसलं की मूल बेरीज करतं, ४३. तुम्ही एवढंच विचारा, "कुणाकडे जास्त? मग राजूची बोरं पस्तिसाच्या वर जातील की खाली?" पुढचं ते करेल. सत्तावीस.

सेमी इंग्रजी आणि इंग्रजी शाळांमुळे आई अजूनच बाजूला पडते. पेरिमीटर, एलसीएम, सिंपल इंटरेस्ट असं काही ऐकलं की आपण गप्पच. अहो, पेरिमीटर म्हणजे परिमिती, वाडीला कुंपण घालायला किती तार लागेल ते. एरिया म्हणजे क्षेत्रफळ. एलसीएम म्हणजे लसावि. आणि सिंपल इंटरेस्ट म्हणजे सरळव्याज, ते तर आपल्या गटाच्या वहीत दर महिन्याला असतं.

यावर थोडं थांबूया. समजा गटातून ५००० रुपये घेतले, महिना शेकडा दोन व्याजाने. दर महिन्याला ५०० मुद्दल फेडायचं. पहिल्या महिन्याचं व्याज १००. दुसऱ्या महिन्यात मुद्दल ४५०० उरलं, म्हणून व्याज ९०. मग ८०, ७०, असं करत दहाव्या महिन्यात १०. सगळं मिळून किती? एकेक मिळवत बसू नका. पहिलं आणि शेवटचं मिळवा, ११०. दुसरं आणि शेवटून दुसरं, ९० आणि २०, पुन्हा ११०. अशा पाच जोड्या, म्हणजे ५५०. दहावीच्या पुस्तकात याला अंकगणिती श्रेढी म्हणतात, आपण त्याला हप्त्याचा हिशेब म्हणतो. आता समजा बाहेरचा कुणी म्हणाला, "माझंही शेकडा दोनच, पण व्याज पूर्ण पाच हजारावर." दहा महिन्यांचे हजार रुपये झाले. दर तोच, आणि साडेचारशे रुपये जादा! हे उदाहरण आठवीतल्या मुलीकडून वहीत सोडवून घ्या. घराचा हिशेबही तिला कळेल, आणि कर्ज काढताना तुमच्या शेजारी बसायला कुणीतरी होईल.

घरातल्या आजीलाही यात घ्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी हे जुने पाढे काही आज्यांना अजून येतात. अपूर्णांकाचंच गणित ते. बदलापूरची जांभळं समजा २४० रुपये किलो आहेत, तर पाऊण किलोचे किती? आजी पावाचे साठ धरून एकशे ऐंशी चटकन सांगते. नात वहीत तीन छेद चार गुणिले २४० मांडते. दोघींना एकत्र बसवा. उल्हासनगरहून जीन्सचं धागे कापायचं काम घरी आणणाऱ्या बायकांना नगाला दीड रुपया मिळाला, तर चोवीस नगांचे छत्तीस कसे, ते दीडकीच सांगते.

अंबरनाथचं शिवमंदिर तर सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे. इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, १०६० येतात. मंदिराला किती वर्षं झाली, ही वजाबाकी मुलांनाच करायला द्या.

आणि वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होऊ नये म्हणून एक खेळ. द. रा. कापरेकर हे डहाणूला जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे गणिताचे मास्तर. १९४९ साली त्यांना ही गंमत सापडली, आणि आज जगभर तिला त्यांचं नाव आहे. कुठलीही चार आकडी संख्या घ्यायची, सगळे आकडे सारखे नकोत. ३५२४ घेऊ. आकडे मोठ्यापासून लहान मांडले तर ५४३२, उलटे मांडले तर २३४५. वजा केले, ३०८७ आले. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. संख्या कुठलीही असो, सात वेळांच्या आत तिथेच पोहोचते. सात वेळा होऊनही आलं नाही, तर मध्ये कुठेतरी हातचा राहिलाय. तो शोधायला मुलालाच सांगा, आणि तोवर तुम्ही भाकरी उलटून घ्या.