काचेत मुरलेले पाणी
काचेचे अंतरंग : लेखांक ७

वाळू, सोडा आणि चुनखडी ही काचेची सामग्री कारखान्यात काटेकोरपणे तोलली जाते. पण तयार काचेत आणखी एक पदार्थ असतो, जो कोणी तोलत नाही. तो म्हणजे पाणी. खिडकीच्या साध्या काचेत वजनाने दहा हजार भागांमागे दोन ते पाच भाग पाणी असते. भट्टीतल्या ज्वालेतून निघणारी वाफ वितळलेल्या काचेत विरघळते आणि काच थिजल्यावरही आतच राहते. एवढ्याशा पाण्याला किरकोळ अशुद्धी समजून सोडून देणे सोपे आहे, पण ते चूक आहे. पाण्याला सोड्याच्या आणि चुन्याच्या पंक्तीत बसवून काचेचा घटकच मानले पाहिजे.

हे पाणी थेंबाथेंबाने अडकलेले नसते. काचेचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्याचा, आणि त्यात दोन सिलिकॉनांमधला प्रत्येक ऑक्सिजन म्हणजे एक सांधा. पाण्याचा रेणू या सांध्याशी संयोग पावला, की सांधा तुटतो आणि दोन्ही सिलिकॉनांवर हायड्रॉक्सिलचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा, एकेक गट येतो. जाळे तिथे सैल होते. ज्वालेत बनवलेल्या शुद्ध सिलिका काचेत वजनाने ०.१ टक्क्याच्या आसपास हायड्रॉक्सिल असू शकते. विजेच्या भट्टीत बनवलेल्या काचेत ते फार कमी असते. बाकी सारे सारखे असूनही पहिली काच पन्नासहून अधिक अंश आधीच मऊ पडू लागते. ०.१ टक्क्याने एवढा फरक कसा पडेल, ही शंका रास्त आहे. हिशेब केला तर या काचेत साधारण अकराशे सांध्यांमागे एकच सांधा तुटलेला असतो. पण काच वाहायला सगळे सांधे एकदम सुटावे लागत नाहीत. जिथे जाळे आधीच उसवले आहे, तिथून अणूंची सरकासरक सुरू होते आणि उष्णतेत तुटलेली जागाही एका ठिकाणी खिळून राहत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा ज्वालामुखींत मिळतो. सह्याद्रीचा बेसाल्ट दूरवर वाहिला, कारण त्या शिलारसात सिलिका कमी आणि उष्णता जास्त होती. याउलट ऱ्हायोलाइटचा शिलारस सिलिकाने भरलेला आणि म्हणून कमालीचा दाट असतो. ८०० अंश सेल्सिअसला त्यातले पाणी ०.१ टक्क्यावरून एका टक्क्यावर गेले, की दाटपणा साधारण हजारपटीने उतरतो. पुढच्या तीन टक्क्यांना मिळून तेवढीही घट साधत नाही. पहिलेच पाणी इतके प्रभावी का, याचा उलगडा अवरक्त वर्णपटांनी केला. एडवर्ड स्टोल्पर यांनी १९८२ मध्ये दाखवले, की काचेत पाणी थोडे असताना ते मुख्यतः हायड्रॉक्सिलच्या रूपात असते. प्रमाण वाढते तसे अधिकाधिक पाणी अखंड रेणू म्हणून पोकळ्यांत राहते. सांधे तोडणारे पाणी निराळे आणि नुसते सामावलेले निराळे. मग पाण्याने शिलारस पातळ होत असेल, तर पाणीदार ज्वालामुखीच अधिक भयंकर का फुटतात? कारण हे पाणी दाबाखालीच विरघळलेले राहते. शिलारस वर येताना दाब उतरतो, पाणी वाफेचे बुडबुडे होऊन सुटते आणि पाणी गमावलेला रस पुन्हा दाट होतो. त्या दाट रसात वाफ कोंडली जाते आणि शेवटी स्फोट होतो. म्हणजे स्फोटसुद्धा पाण्याच्या याच गुणाची साक्ष देतो.

कोणी म्हणेल, कारखान्याच्या काचेत तेरा-चौदा टक्के सोडा सांधे तोडायला असताना चिमूटभर पाण्याची मोजदाद कशाला? एक तर पाण्याचा रेणू हलका आहे. त्याचा रेणुभार १८, तर सोडियम ऑक्साइडचा ६२. म्हणून एक ग्रॅम पाण्यात साडेतीन ग्रॅम सोडियम ऑक्साइडच्या जवळपास रेणू असतात. दुसरे असे, की हे पाणी ज्वालेबरोबर बदलते. नैसर्गिक वायू हवेत जाळला तर धुरात वाफ एक पंचमांशाच्या आसपास असते. शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळला तर नायट्रोजन उरत नाही आणि वाफेचा वाटा दोन तृतीयांशापर्यंत जातो. सामग्री तीच, पण काचेत पाणी जास्त मुरते आणि तिला आकार देण्याचे तापमान सरकते. जो पदार्थ वगळल्याने काचेचे गणित चुकते, त्याला अशुद्धी म्हणता येत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी स्पष्ट आहे. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये काचतंतूंतून संदेश पाठवण्याची शक्यता मांडली, तेव्हा खरी अडचण काचेच्या शुद्धतेची होती. हायड्रॉक्सिल १.३८ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. दहा लाखांत एक भाग असले तरी किलोमीटरभरात त्या प्रकाशाचा दहा हजारावा हिस्साही उरत नाही. म्हणून तंतूची काच क्लोरीनने कोरडी करतात. उलट अतिनील किरणांसाठीच्या भिंगांना हायड्रॉक्सिल भरपूर असलेली सिलिका पसंत केली जाते. एकीत पाणी काढून टाकायचे आणि दुसरीत राहू द्यायचे, हे ठरवून केले जाते. ज्याचे प्रमाण कामानुसार ठरवावे लागते, तो घटकच.

आज आपण काचेच्या आत मुरलेल्या पाण्याबद्दल पाहिले. बाहेरून, चिरेच्या टोकाशी येणारे पाणी हेच सांधे तोडून काच फोडायला कशी मदत करते, ते पुढच्या आठवड्यात.