मोबाइलच्या फोटोला ‘फिल्म लूक’ येतो कसा? फिल्टर लावण्याआधी हे वाचा

घरातल्या जुन्या अल्बममधले फोटो थोडे दाणेदार, थोडे उबदार दिसतात. तोच लूक देणारे ढीगभर फिल्टर आज मोबाइलवर आहेत. ‘कोडाक्रोम’ हे नावही त्यात दिसतं. ही फिल्म १९३५ मध्ये आली आणि २००९ मध्ये कोडॅकने ती बंद केली. मग फिल्टर नेमकं करतो काय?

दाणे : फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रतिमा त्यांच्यातूनच उमटते, म्हणून फोटो दाणेदार दिसतो. अ‍ॅप हे दाणे गणिताने तयार करून फोटोवर पसरवतं.

उजेड : कलर निगेटिव्ह फिल्म प्रखर उजेड हळूहळू पांढरा करत नेते. सेन्सरची मर्यादा संपली की मात्र थेट पांढराफटक डाग पडतो. ‘कर्व्ह’ वाकवून अ‍ॅप हा फरक झाकतं, पण उडालेला तपशील परत येत नाही. त्यामुळे फोटो काढतानाच एक्स्पोजर थोडं कमी ठेवा.

लाल वलय : प्रखर प्रकाश फिल्मच्या पाठीवर आपटून परत येतो. लाल रंग टिपणारा थर तळाशी असल्याने दिव्याभोवती लालसर वलय उमटतं. यालाच हॅलेशन म्हणतात. ते टाळायला कंपन्या फिल्मला खास थर देत. आज तोच दोष आपण हौसेने लावतो!

महत्त्वाचं : पूर्वी प्रिंट बिघडली तरी निगेटिव्ह हाताशी असायची. मोबाइलवर तुमची निगेटिव्ह म्हणजे मूळ फोटो. त्यामुळे फिल्टर नेहमी कॉपीवरच लावा. फॅशन बदलेल, पण तो क्षण पुन्हा टिपता येणार नाही.