खेळातला जांभा आणि ओलीचे खाते

‘द पावडर टॉय’ हा संगणकावरचा एक विनामूल्य खेळ आहे. त्यात हार नाही, जीत नाही. रिकाम्या पडद्यावर वाळू, पाणी, लाकूड, आग यांचे कण सोडायचे आणि काय घडते ते पाहायचे. प्रत्येक कणाला वजन, उष्णता आणि वागण्याचे नियम दिलेले असतात. वाळू वितळून काच होते, स्पंज पाणी शोषतो.

नवा पदार्थ सुचवा म्हटले की माझे मित्र नवा स्फोटक सुचवतात. मी कॅसलरॉकचा, मी जांभा सुचवीन. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली मलबारातील अंगाडीपुरम येथील याच दगडाला ‘लॅटेराइट’, म्हणजे विटेसारखा, असे नाव दिले. खाणीत तो मऊ असतो, पण हवा लागून वाळला की टणक होतो आणि मग भिजला तरी पूर्ववत मऊ होत नाही. म्हणून त्याचा नियम एकाच दिशेने चालणारा हवा. शिवाय तो सच्छिद्र आहे. पाणी त्यातून खाली झिरपले पाहिजे.

दुसरी सूचना ओलीची. या खेळात वाळू पाण्यात बुडाली तरी कोरडीच राहते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला वाटते, मातीच्या प्रत्येक कणाचे पाण्याचे खाते असावे. पाऊस जमेस, निचरा खर्चास. शिल्लक थोडी असेल तर कण एकमेकांना धरून ठेवतात. पण पोकळ्या पाण्याने भरल्या की आतला दाब कणांना दूर लोटतो, त्यांची पकड सुटते, माती जड होते आणि उतार घसरतो. मुळांना माती बांधून ठेवण्याचा गुण द्यावा, म्हणजे झाड तोडल्याचा परिणामही दिसेल.

हा केवळ करमणुकीचा विषय नाही. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या रेल्वेघाटात जुलै २०२१ मध्ये दूधसागर आणि सोनावली यांच्या दरम्यान दरड कोसळून प्रवासी गाडीचे डबे रुळांवरून घसरले होते. दरड एकाएकी कोसळल्यासारखी दिसते, पण तिच्या खात्यावर पाणी कित्येक दिवस जमा होत असते.

खेळाने दरड थांबणार नाही. परंतु ज्याने पडद्यावर एकदा निचऱ्याची वाट बुजवून भिंत ढासळताना पाहिली, तो पावसाळ्यापूर्वी गटार उपसण्याला क्षुल्लक काम म्हणणार नाही.