बर्फावरचा धंदा आणि महामारी

ज्या व्यापाराचा माल आकाशांतून पडतो, ज्याचें दुकान डोंगराच्या उतारावर मांडलेलें असतें आणि ज्याचें गिऱ्हाईक शेंकडों मैलांवरून येऊन, केवळ घसरत खालीं येण्यासाठीं डोंगर चढतें, असा एक व्यापार युरोपांतील आल्प्स पर्वतांत शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावरून वेगानें उतरत येण्याच्या त्या खेळास स्कीइंग म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यांत घसरणें ही फजिती समजली जाते. तिकडे हिवाळ्यांत घसरणें ही चैन आहे, आणि त्या चैनीवर खोरींच्या खोरीं पोट भरतात. २०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां या धंद्यावर कोणता प्रसंग गुदरला आणि तो त्यानें कसा निभावला, हें आज सांगावयाचें आहे. आल्प्स पर्वत सात-आठ देशांत पसरला आहे. सगळीकडे हिंडत बसण्याऐवजीं आपण मुख्यतः एकाच प्रांतांत राहूं. तो प्रांत म्हणजे ऑस्ट्रियांतील टिरोल.

टिरोलच्या पश्चिमेस, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला लागून, पाट्सनाउन नांवाचें अरुंद खोरें आहे व त्यांत इश्ग्ल हें गांव आहे. वस्ती सुमारें १,६०० माणसांची. परंतु पाहुण्यांसाठीं मांडलेल्या खाटा मात्र अकरा-बारा हजार! एके काळीं हें खोरें फार गरीब होतें. जमीन थोडी, उन्हाळा आंखूड आणि घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ. म्हणून एकोणिसाव्या शतकांत, आणि विसाव्याच्या आरंभींहि, टिरोलच्या या भागांतील शेतकरी आपलीं लहान लहान मुलें मार्च महिन्यांत, अजून बर्फाखालीं असलेल्या खिंडी ओलांडून, दक्षिण जर्मनींतील स्वाबिया प्रांतांत चाकरीला धाडीत. तेथें या मुलांचा रीतसर बाजार भरे. उन्हाळाभर जर्मन शेतकऱ्यांचीं गुरें राखून तीं नोव्हेंबराच्या सुमारास थोडेसे पैसे आणि अंगावरचे नवे कपडे घेऊन घरीं परत येत. कोंकणांतल्या ज्या घरांतून मुंबईच्या गिरण्यांकडे माणसें गेलीं, त्या घरांना या हकीकतीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. पुढें १९६३ सालीं इश्ग्लच्या डोंगरावर माणसें वाहून नेणारा रज्जुमार्ग सुरू झाला, आणि ज्या बर्फानें या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या देशोधडीस लावलें होतें, तोच बर्फ त्यांच्या दारीं धन आणूं लागला. मुलें घरीं राहिलीं. उलट, दुसऱ्या देशांतून माणसें येथें चाकरीला येऊं लागलीं. या गांवानें २०२० च्या मार्चांत जें केलें त्याचा न्याय करतांना हा पूर्वेतिहास विसरून चालणार नाहीं.

आतां या धंद्याचें गणित पाहूं. मोसम नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो आणि मेच्या आरंभीं संपतो. वर्षभराचें उत्पन्न या पांच महिन्यांत मिळवावयाचें असतें; परंतु खर्च मात्र बारमाही. रज्जुमार्गांसाठीं काढलेलें कर्ज, खानावळींचें आणि हॉटेलांचें बांधकाम, यंत्रांची देखभाल या साऱ्यांचे हप्ते गिऱ्हाईक आलें न आलें तरी चुकत नाहींत. त्यांतच अलीकडे आकाशाचा भरंवसा राहिलेला नाहीं. म्हणून डोंगरावर तळीं बांधून ठेवतात व हवा पुरेशी थंड झाली कीं, मोठ्या नळ्यांतून पाण्याचे बारीक तुषार उडवून कृत्रिम बर्फ पाडतात. हा बर्फ मोसमाच्या आधींच पाडून ठेवावा लागतो. म्हणजे पाहुणे येणार कीं नाहीं हें कळण्याच्या आधींच दुकानदारानें माल भरलेला असतो, आणि तो माल मेमध्यें वितळून वाहून जातो. मागच्या वर्षीचा शिल्लक माल पुढच्या वर्षीं विकण्याची सोय या व्यापारांत नाहीं.

शिवाय, नुसत्या घसरण्यावर हा धंदा चालत नाहीं. दुपार कलली कीं लोक पायांतल्या पट्ट्या सोडतात आणि तसेच जड बूट घालून उताराच्या पायथ्याशीं असलेल्या मद्यगृहांत शिरतात. तेथें खांद्याला खांदा लावून गाणें, नाच आणि मद्यपान रात्रीं उशीरापर्यंत चालतें. इश्ग्लची ख्याति उतारांइतकीच, किंबहुना अधिकच, या मौजेकरितां होती. महामारीचा खरा संबंध याच ठिकाणीं येतो. उघड्या डोंगरावर, वाहत्या वाऱ्यांत, एकमेकांपासून दहा-वीस हात अंतरावरून घसरणाऱ्या माणसांना श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाचें भय थोडें. परंतु डोंगरावर जाण्यासाठीं बंद पाळण्यांत दाटीनें बसावें लागतें, पाळण्यासाठीं रांगेंत उभें राहावें लागतें, आणि संध्याकाळीं त्या मद्यगृहांत तर एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येतो.

२०२० च्या फेब्रुवारीअखेरीस म्युनिकहून आइसलंडला परत गेलेल्या प्रवाशांपैकीं कांहीं बाधित आढळले. ते इश्ग्लमध्यें राहून आलेले होते. ५ मार्च रोजीं आइसलंडनें इश्ग्ल हें धोक्याचें ठिकाण म्हणून जाहीर केलें. टिरोलच्या अधिकाऱ्यांनीं त्यावर खुलासा केला कीं, ही बाधा बहुधा परतीच्या विमानांत झाली असावी. ७ मार्चला गांवांतील एका मद्यगृहाचा नोकर बाधित ठरला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां खुलासा झाला : त्याच्यापासून पाहुण्यांस बाधा होणें वैद्यकीय दृष्ट्या फारसें संभवनीय नाहीं. १० मार्चला मद्यगृहें बंद करण्यांत आलीं. परंतु डोंगरावरचे पाळणे चालूच राहिले. मोसम आटोपता घेण्याचा निर्णय जाहीर व्हावयास १२ मार्च उजाडला. शेवटीं १३ मार्चला, शुक्रवारीं दुपारीं, ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर सेबास्टियन कुर्झ यांनीं पाट्सनाउन खोरें आणि शेजारचें झांक्ट आंटोन येथें तत्काळ क्वारंटाइन लागू झाल्याचें व्हिएन्नाहून सांगितलें. ही घोषणा ऐकतांच हजारों पाहुण्यांनीं हातीं लागेल तें सामान उचललें व मोटारी सुरू केल्या. परदेशी पाहुण्यांस बाहेर जाऊं देण्याचें ठरलें होतें. तीं सारीं माणसें खोऱ्याच्या एकुलत्या एक रस्त्यावर तासन्‌तास अडकून पडलीं आणि मग आपापल्या देशीं पांगलीं. त्यांच्याबरोबर रोगहि पांगला.

मुंबईत १८९६ सालीं प्लेग आला त्या वेळच्या हकीकती वडीलधाऱ्यांकडून ज्यांनीं ऐकल्या असतील, त्यांना यांत फारसें नवें वाटणार नाहीं. तेव्हांहि आधीं ‘हा ताप संशयास्पद आहे’ असें म्हणत दिवस काढले गेले, बंदराच्या व्यापाराची धास्ती होतीच, आणि मग लक्षावधि लोक आगगाड्यांनीं व गलबतांनीं गांवोगांव गेले.

इश्ग्लमधून आइसलंड, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन अशा अनेक देशांत बाधा गेली. जर्मनींतील कील येथील अर्थशास्त्र-संस्थेच्या अभ्यासकांनीं असें दाखवून दिलें कीं, जर्मनीचा जो जिल्हा इश्ग्लला जितका जवळ, तितकें तेथें बाधितांचें प्रमाण अधिक. इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठानें एप्रिलमध्यें गांवांतल्या बहुसंख्य माणसांचें रक्त तपासलें, तेव्हां ४२·४ टक्के लोकांत रोग येऊन गेल्याच्या खुणा सांपडल्या. आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला आपणांस तो होऊन गेला हें ठाऊकहि नव्हतें. खोऱ्याचें क्वारंटाइन एप्रिलच्या उत्तरार्धांत उठलें.

पुढें या प्रकरणाची चौकशी झाली. न्यायाधीश रोनाल्ड रोरर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ऑक्टोबर २०२० मध्यें अहवाल दिला. धंदेवाल्यांनीं अधिकाऱ्यांवर दडपण आणल्याचा पुरावा समितीस मिळाला नाहीं. परंतु अधिकाऱ्यांचे अंदाज चुकले, पाळणे आधींच थांबवावयास हवे होते, आणि क्वारंटाइनची घोषणा तयारीवांचून केली गेली, असें तिनें स्पष्ट नमूद केलें. फौजदारी तपास नोव्हेंबर २०२१ मध्यें खटला न भरतां थांबविण्यांत आला. व्हिएन्नाच्या न्यायालयांत सरकारवर नुकसानभरपाईचे दावे लागले, त्यांत मृतांच्या घरच्या माणसांचेहि होते. पण त्यांना यश आलें नाहीं. दडपण आणल्याचा पुरावा नाहीं, हें मी मान्य करतों. तथापि ज्या गांवांत अधिकारी, हॉटेलवाला व रज्जुमार्गाचा भागीदार एकाच खानावळींत जेवतात, तेथें दडपण आणावेंच लागतें असें नाहीं. तें हवेंतच असतें.

दुसरा हिवाळा जवळ आला तेव्हां भांडण राष्ट्रांराष्ट्रांत लागलें. नोव्हेंबर २०२० मध्यें जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल आणि इटलीचे पंतप्रधान ज्यूझेप्पे कोन्ते यांनीं म्हटलें कीं, सर्व युरोपनें निदान नाताळांत हा खेळ बंद ठेवावा. ऑस्ट्रियाच्या अर्थमंत्र्यांनीं उत्तर दिलें कीं, बंद ठेवा म्हणतां तर नुकसानहि भरून द्या. एकमत झालें नाहीं. फ्रान्सनें गांवें उघडीं ठेवलीं पण पाळणे सबंध मोसमभर थांबविले; तेव्हां लोक पायांनीं डोंगर चढूं लागले, आणि चढणीच्या स्कीचा खप वाढला. स्वित्झर्लंडनें उतार उघडे ठेवले, बंद पाळण्यांत दोनतृतीयांशच माणसें बसवावीं असा नियम केला, आणि शेजाऱ्यांचे शब्द ऐकून घेतले. इटलीची तऱ्हा सर्वांत करुण. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं उतार उघडणार म्हणून लोकांनीं बर्फ सारखा केला, नोकर बोलावले, अन्नसामग्री भरली. आणि आदल्या संध्याकाळीं आरोग्यमंत्र्यांनीं परवानगी मागें घेतली. त्याच दिवसांत तेथल्याच कोर्तिना गांवीं स्कीच्या जागतिक स्पर्धा प्रेक्षकांवांचून चालल्या होत्या. जगानें पाहावें असा बर्फ समोर होता, पण गांवच्या माणसाला त्यावर पाऊल ठेवण्याची मनाई!

ऑस्ट्रियानें मधला मार्ग काढला, आणि तोच माझ्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. २४ डिसेंबर २०२० पासून पाळणे सुरू झाले. हॉटेलें, खानावळी व मद्यगृहें मात्र बंद. परदेशांतून येणारास १० दिवस एकांतवास. पाळण्यांत माणसें कमी, तोंडावर मुखपट्टी, आणि ती विशिष्ट जाड प्रतीचीच असली पाहिजे असा नियम. म्हणजे बर्फ ठेवला आणि बर्फाभोंवतालचें सारें काढून घेतलें. परिणाम काय झाला? आसपासचे लोक घरून डबा बांधून आले, रिकाम्या उतारांवर मनसोक्त घसरले व संध्याकाळीं घरीं गेले. त्यांना असा हिवाळा जन्मांत मिळाला नव्हता. परंतु धंदा बुडाला. त्या हिवाळ्यांत सबंध ऑस्ट्रियांत पाहुण्यांच्या मुक्कामाच्या रात्री सुमारें ५६ लक्ष भरल्या. महामारीपूर्वीच्या हिवाळ्यांत त्याच ७ कोटींवर असत. कित्येक ठिकाणीं पाळणे फिरवण्याचा खर्चहि निघेना. तरीहि ते फिरत राहिले, कारण शेजारपाजारच्या लोकांना डोंगर बंद आहे असें सांगणें मालकांना जड गेलें. कायद्याला वळसा घालणारेहि निघालेच. झांक्ट आंटोनमध्यें ‘नोकरी शोधावयास आलों’ असें सांगून राहिलेले शंभराच्या आसपास परदेशी तरुण पोलिसांना सांपडले.

मग ही गांवें जगलीं कशीं? सरकारी तिजोरीवर. हॉटेलांना व खानावळींना नोव्हेंबरांत मागच्या वर्षींच्या विक्रीच्या ८० टक्के आणि डिसेंबरांत ५० टक्के रक्कम सरकारनें दिली. काम थांबलें तरी नोकरास बहुतेक वेतन मिळावें म्हणून त्याचाहि भार उचलला. खाण्यापिण्यावरील व मुक्कामावरील विक्रीकर काहीं काळ ५ टक्क्यांवर आणला. मालक अशा रीतीनें तरले. परंतु हंगामी कामासाठीं हंगेरी, स्लोव्हाकिया इत्यादि देशांतून दर वर्षीं येणारीं माणसें त्या वर्षीं नेमलींच गेलीं नाहींत. मग जें वेतन सुरूच झालें नाहीं तें चालू ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांतल्या पुष्कळांनीं दुसरे धंदे धरले, आणि नंतर स्वयंपाकी व वाढपी मिळेनात म्हणून हॉटेलवाले ओरडूं लागले. आणि इश्ग्ल? त्या गांवानें सांडपाण्यांतून रोगाचा माग काढण्यापर्यंत तयारी केली होती, पण तो सबंध हिवाळा त्याचे पाळणे हाललेच नाहींत. मद्यगृहें आणि परदेशी पाहुणे नसतील तर तेथें दुकान उघडणेंच परवडत नव्हतें. एका निरोगी, उघड्या हवेंतल्या खेळाचें गांव म्हणून ज्याची जाहिरात होत असे, त्याचा हिशेब असा होता.

याच हिवाळ्यांत आपल्या काश्मीरांतील गुलमर्गला अगदीं उलट अनुभव आला. परदेशी स्कीवाले आले नाहींत. परंतु ज्या देशी प्रवाशांना स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाला जातां येईना ते गुलमर्गकडे वळले व तेथलीं हॉटेलें तुडुंब भरलीं. फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्यें तेथें हिवाळी क्रीडास्पर्धाहि झाल्या. ज्याचें गिऱ्हाईक आपल्याच देशांत आहे त्याला सरहद्द बंद होण्याचें दुःख कमी, हें त्यांतून दिसून आलें.

तिसऱ्या हिवाळ्यांत लस आली होती. २०२१ च्या डिसेंबरांत इश्ग्लचे पाळणे पुन्हां फिरूं लागले. लस घेतलेल्या किंवा रोगांतून उठलेल्या माणसालाच पाळण्यांत पाऊल ठेवतां येई. खानावळी रात्रीं लौकर बंद होत, आणि नाचगाण्याचीं मद्यगृहें बंदच होतीं. ५ मार्च २०२२ रोजीं ऑस्ट्रियानें यांतले बहुतेक निर्बंध उठविले व मद्यगृहांना रात्रभर उघडें राहण्याची मोकळीक दिली. आइसलंडच्या त्या पहिल्या इशाऱ्याला त्या दिवशीं बरोबर दोन वर्षें झालीं होतीं. मोसमाचे अजून सुमारें दोन महिने शिल्लक होते.