चाळीस कोटी फेऱ्यांमागची त्रिज्या

मीन राशीत, सुमारे 1,100 प्रकाशवर्षांवर, जे0030+0451 नावाचा न्यूट्रॉन तारा सेकंदाला 205 गिरक्या घेतो. व्यास जेमतेम 26 किलोमीटर. इतक्या लांबून तो केवढा दिसेल? चंद्रावर पडलेला एक मायक्रॉनचा जीवाणू पृथ्वीवरून दिसेल तेवढा. त्याची चकती दाखवील अशी दुर्बीणच नाही. तरीही त्याची त्रिज्या साधारण एका किलोमीटरच्या फरकाने मोजली गेली, आणि मला ती रीत त्या आकड्याहूनही विलक्षण वाटते.

जून 2017 मध्ये नासाचे नायसर हे उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. क्ष-किरणांच्या प्रत्येक फोटॉनची वेळ ते 300 नॅनोसेकंदांहूनही बारीक टिपते. ताऱ्यावरचे तप्त डाग फिरता फिरता समोर येतात, मागे जातात आणि क्ष-किरण कमी-जास्त होतात. पण ते पुरते कधीच मावळत नाहीत. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 10,000 कोटी पटींहून अधिक! पाठीमागून निघालेला प्रकाशही वळून आपल्याकडे येतो, एका वेळी जवळपास पाऊण पृष्ठभाग दिसतो. त्याच वस्तुमानाचा तारा जितका लहान, तितके हे वळण जास्त आणि चढउतार तितका सपाट. शिवाय विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला 16,000 किलोमीटरहून जास्त असल्याने चढउताराचा आकार किंचित एकीकडे कलतो. तारा जितका मोठा, तितका हा कल अधिक. या दोन खुणांतून वस्तुमान आणि त्रिज्या वेगळी काढता येतात.

अडचण एवढीच, की बहुतेक फेऱ्यांत त्या ताऱ्याचा एकही फोटॉन हाती लागत नाही. म्हणून 19 लाख सेकंदांच्या निरीक्षणातल्या जवळपास 40 कोटी फेऱ्या एकावर एक रचाव्या लागल्या.

2019 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे गणित मांडले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या गटाला सूर्याच्या 1.34 पट वस्तुमान आणि 12.7 किलोमीटर त्रिज्या मिळाली. इलिनॉय-मेरीलँडच्या गटाला 1.44 पट आणि 13 किलोमीटर. म्हणजे तिथल्या एका घन सेंटिमीटरचे वजन सरासरी 30 कोटी टन. डागही दोन ध्रुवांवर समोरासमोर नव्हते, दोन्ही एकाच गोलार्धात निघाले.

मग 2021 मध्ये जे0740+6620 ची पाळी आली. सूर्याच्या 2.08 पट जड, म्हणजे पहिल्याच्या जवळपास दीडपट. त्रिज्या मात्र दोन गटांच्या हिशेबाने 12.4 आणि 13.7 किलोमीटर. एवढा भार वाढूनही तारा फारसा आक्रसलेला नाही. आतले द्रव्य दाबाला सहज दाद देत नाही, आणि ते मऊ मानणाऱ्या गणितांना आता फारच थोडी जागा उरली आहे.