मुंबई टाइमची ३९ मिनिटे आणि पनवेलचा मध्यान्ह

पनवेलमध्ये घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सूर्य आकाशातील सर्वोच्च स्थानी पोहोचलेला नसतो. तेथे येण्यास त्याला सरासरीने आणखी साडेसदतीस मिनिटे लागतात. पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंशांची फेरी २४ तासांत पूर्ण करते, म्हणजे तासाला १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश या गतीने ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे, तर पनवेलचा रेखांश सुमारे ७३.११ अंश आहे. या दोहोंतील ९.३९ अंशांच्या अंतराला चारने गुणले की ही साडेसदतीस मिनिटे मिळतात. एखाद्या ठिकाणच्या रेखांशावरून अशा रीतीने ठरणाऱ्या वेळेला त्या ठिकाणची स्थानिक मध्यम वेळ म्हणतात. पनवेलच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दिशेने साधारण २६ किलोमीटर गेले की ही वेळ एका मिनिटाने बदलते.

यातील ‘मध्यम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तिचा सूर्याभोवतीचा वेग वर्षभर सारखा राहत नाही आणि तिचा अक्षही साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. या दोन कारणांनी प्रत्यक्ष सूर्य सरासरी वेळेच्या कधी मागे, तर कधी पुढे असतो. या फरकाला कालसमीकरण असे नाव आहे. त्यामुळे पनवेलचा खरा मध्यान्ह फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घड्याळातील १२ वाजून ५२ मिनिटांच्या आसपास होतो, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो १२ वाजून २१ मिनिटांनीच होऊन जातो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, जेव्हा सूर्य पनवेलच्या बरोबर डोक्यावर येतो, त्या शून्य सावलीच्या दिवशी हा हिशेब कोणालाही स्वतः पडताळता येतो. मे महिन्यात ओळंब्यात उभ्या केलेल्या काठीची सावली १२ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास नाहीशी होते. जुलैमध्ये तीच घटना दहा मिनिटे उशिरा घडते, पण त्या वेळी बहुधा आभाळ भरलेले असते.

आज हा फरक कुतूहलाचा विषय वाटतो, परंतु शंभर वर्षांपूर्वी पनवेलच्या खाडीपलीकडे तो रोजच्या व्यवहाराचा आणि कडवट वादाचा विषय होता. मुंबई बेटाची स्वतःची वेळ होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा उभारली, तिच्या कामांपैकी एक काम जहाजांसाठी अचूक वेळ ठेवण्याचे होते. खलाशाला समुद्रावर आपला रेखांश काढायचा असेल, तर सूर्यावरून मिळणारी तेथील स्थानिक वेळ आणि जहाजावरील घड्याळाने जपलेली एखाद्या ज्ञात ठिकाणची वेळ यांतील फरक त्याला काढावा लागतो. घड्याळ चार सेकंदांनी चुकले तर विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान जवळजवळ दोन किलोमीटरांनी चुकते. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी घड्याळ तपासून घेणे अत्यावश्यक असे आणि त्यासाठी बंदरात ठरावीक क्षणी एक मोठा गोळा खांबावरून खाली सोडून वेळेची खूण केली जाई. कुलाब्याच्या रेखांशावरून ठरलेली ही वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती, आणि लोक तिला मुंबई टाइम म्हणत.

मुंबईत हीच एक वेळ चालत असती, तर गुंतागुंत झाली नसती. परंतु देशातील रेल्वेगाड्या मद्रास वेधशाळेच्या वेळेवर धावत, आणि ती ग्रिनिचच्या पुढे ५ तास २१ मिनिटे, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. कलकत्त्याची वेळ आणखी ३२ मिनिटांनी पुढे होती. ज्यांच्या नावाने पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय ओळखले जाते, त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने १८८१ मध्ये मुंबईत मद्रास टाइम लागू करण्याचा प्रयत्न केला. पण नागरिकांचा विरोध इतका चिवट निघाला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास, म्हणजे मुंबई टाइमच्या ३९ मिनिटे पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ आली आणि वाद पुन्हा पेटला. बंगालच्या फाळणीने सरकारविषयीचा राग तेव्हा ताजा होता, आणि त्याच वर्षी मुंबई महापालिकेने ठराव करून आपल्या घड्याळांवर मुंबई टाइम परत आणला. त्यामुळे सरकारी कचेऱ्या व रेल्वे यांची एक वेळ आणि महापालिकेची दुसरी, अशी स्थिती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली.

या विरोधाला केवळ हट्ट म्हणणे अन्यायाचे ठरेल. घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले आणि कामाचा तास घड्याळात तोच राहिला, की कामगाराला सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी घर सोडावे लागते. पहाटेच्या अंधारात गिरणी गाठणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा बदल कागदावरचा नव्हता, आणि म्हणूनच गिरणी कामगारांमध्येही असंतोष उमटला. दुसरीकडे, तारयंत्र आणि रेल्वे यांनी जोडलेल्या देशाला एक समान वेळ हवी होती, हेही तितकेच खरे होते. दोन्ही बाजूंचे गणित बिनचूक होते. प्रश्न एवढाच होता की समान वेळेची किंमत कोणी मोजायची, आणि तो प्रश्न विज्ञानाच्या कक्षेबाहेरचा होता.

पनवेल मुंबई बेटावर नव्हते, परंतु खाडीतून चालणाऱ्या होड्यांनी ते मुंबईच्या व्यापाराशी बांधलेले होते. या दोन ठिकाणांच्या स्थानिक मध्यम वेळांत जेमतेम सव्वा मिनिटाचा फरक आहे, कारण पनवेल कुलाब्याच्या पूर्वेस केवळ ०.३ अंशावर, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटरवर आहे. म्हणून मुंबई टाइम हा व्यवहारापुरता पनवेलच्या सूर्याचाही टाइम होता, तर प्रमाणवेळ दोन्हीकडे सारखीच उपरी होती.

हा इतिहास संपलेला असला तरी त्याचे गणित घरोघरीच्या जुन्या कागदांत शिल्लक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबई परिसरातील एखाद्या जन्मटिपणात सकाळचे ६ वाजून १० मिनिटे असे लिहिले असेल, तर ती वेळ कोणत्या घड्याळाची हे आधी ठरवावे लागते. ती मुंबई टाइम असेल तर तीत ३९ मिनिटे मिळवून ६ वाजून ४९ मिनिटे ही प्रमाणवेळ मिळते. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे नेली होती. त्यामुळे त्या काळातील सरकारी घड्याळाची वेळ आजच्या प्रमाणवेळेत आणायची तर एक तास वजा करावा लागतो, आणि मुंबई टाइम व युद्धकालीन वेळ यांतील अंतर १ तास ३९ मिनिटांचे होते. फलज्योतिषाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कुंडलीतील लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा क्रांतिवृत्ताचा बिंदू हे खगोलशास्त्रीय सत्य आहे, आणि ३९ मिनिटांत तो सरासरीने सुमारे दहा अंशांनी सरकतो. अशा वेळी टिपणात सूर्योदयापासून किती घटी व पळे गेली याची नोंद असेल, तर ती अमोल ठरते. घटी म्हणजे २४ मिनिटे आणि पळ म्हणजे २४ सेकंद. सूर्योदयापासून मोजलेला हा काळ कोणत्याही सरकारच्या घड्याळावर अवलंबून नसल्याने त्या दिवसाच्या सूर्योदयाची वेळ काढून मूळ नोंद तपासता येते.

एका ठिकाणची वेळ प्रमाण मानून इतरांनी आपला फरक काढायचा, ही कल्पना इंग्रजांबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत विषुववृत्तावरील लंका हे कल्पित स्थान आणि उज्जयिनी एकाच मूळ रेखावृत्तावर मानली आहेत. त्या रेषेपासून पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी जो संस्कार करावा लागतो, त्याला देशांतर म्हणतात. उज्जैनच्या मानाने पनवेल सुमारे २.६६ अंश पश्चिमेस आहे. एका अंशाला दहा पळे, या हिशेबाने पनवेलचे देशांतर साधारण २७ पळे येते.

वेळेचे रूपांतर करताना मात्र दोन प्रकारच्या घटना वेगळ्या ओळखाव्या लागतात. तिथी संपण्याचा क्षण चंद्र व सूर्य यांच्या कोनीय अंतरावर ठरत असल्याने तो साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. मॉरिशसची वेळ ग्रिनिचच्या चार तास पुढे आहे, म्हणून तेथील मराठी कुटुंबाने भारतीय पंचांगातील तिथीच्या समाप्तीतून दीड तास वजा केला की काम भागते. सूर्योदय मात्र असा वजाबाकीने मिळत नाही, कारण तो त्या जागेच्या रेखांशावर, अक्षांशावर आणि ऋतूवर अवलंबून असतो. तिथी कोणत्या दिवशी धरायची हे पुष्कळदा सूर्योदयावरून ठरत असल्यामुळे एखादे व्रत पनवेलला एका वारी आणि मॉरिशसमधील पोर्ट लुईला दुसऱ्या वारी येऊ शकते, आणि त्यात कोणाचीही चूक नसते.

भारताच्या दोन द्वीपसमूहांची अवस्था या संदर्भात पाहण्यासारखी आहे. लक्षद्वीपमधील कवरत्तीचा रेखांश मुंबईच्या जवळपास आहे, तर अंदमानातील पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, प्रमाण रेखांशाच्याही दहा अंश पूर्वेस आहे. तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ४१ मिनिटे पुढे चालतो आणि नोव्हेंबरअखेरीस पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. त्याच दिवशी पनवेलचा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. अणुघड्याळांच्या साहाय्याने देशाची वेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक प्रस्ताव मांडला. त्यात ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबार यांच्यासाठी ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढची दुसरी वेळ सुचवली होती. ईशान्येत या दोन वेळांची सीमा ८९ अंश ५२ कलांच्या आसपास रेल्वेमार्गावरच येते आणि तेथे गाड्यांची वेळ सांभाळण्याची अडचण खरी आहे. अंदमानात मात्र अशी सीमारेषा जमिनीवर कोठेच पडत नाही. तेथे जाणारा प्रवासी समुद्र ओलांडूनच जातो, त्यामुळे अशा बदलाचा प्रारंभ अंदमानातून करून पाहणे सर्वांत सोपे ठरेल. तसे झाले तर पनवेलहून तेथे फोन करणाऱ्याला आपल्या घड्याळात एक तास मिळवावा लागेल. दोन्ही ठिकाणच्या सूर्यांमधील अंतर मात्र आजही ७८ मिनिटांचे आहे.