बंदी टपालावर, तंबाखूवर नाही

अमेरिकेतल्या ‘पॅक्ट’ कायद्याने धूरविरहित तंबाखूवर (न पेटवता चघळायची, हुंगायची किंवा ओठाखाली ठेवायची) बंदी आली, असा समज आहे. तो बरोबर नाही. या कायद्यामुळे २९ जून २०१० पासून सिगारेट आणि अशी तंबाखू, काही अपवाद वगळता, सरकारी टपालाने पाठवता येत नाही; बंदी एवढीच. एसटी बंद झाली म्हणून गावाला जायला मनाई होत नाही, तसेच हे. दुकानातली विक्री चालूच राहिली.

मात्र झळ बसली ती घरपोच मागवणाऱ्यांना. स्वीडनहून टपालाने स्नूस (ओठाखाली ठेवायची ओलसर तंबाखू) मागवणाऱ्यांची वाटच बंद झाली. खासगी कुरिअरने माल येऊ शकतो, पण पार्सल दहा पौंडांपेक्षा जास्त नको, विक्रेत्याने ग्राहकाच्या राज्याचा कर आधीच भरलेला हवा आणि दारात वयाचा पुरावा दाखवून सही करावी लागते. शिवाय कुरिअर कंपन्यांवर माल नेण्याची सक्ती नाही. गंमत म्हणजे चिरूट या टपालबंदीतून सुटला!

तेव्हा अमेरिकेतल्या नातेवाइकांना लाडू-चिवडा पाठवताना त्यात तंबाखूची पुडी सरकवू नका.